स्किन सुटते, फोम तसाच राहतो: सँडविच पॅनेल धक्का कमी का शोषतं

सँडविच पॅनेल म्हणजे मध्ये फोम आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेला पातळ, कडक थर, म्हणजे स्किन. त्याबद्दल तक्रार एकच असते, सांगणारा बदलतो. डेटाशीट बघून हिशेब केलेला असतो, पॅनेल धक्क्याची एवढे ज्यूल ऊर्जा पचवेल असं ग्राहकाला सांगून झालेलं असतं, आणि ड्रॉप टेस्टला, म्हणजे वरून वजन सोडून घेतलेल्या चाचणीत, पहिलंच सॅम्पल निम्म्या वाटेवर हात टेकतं. वरची स्किन झाकणासारखी सुटून येते आणि खालचा फोम बघावा तर जवळजवळ कोरा. मग चर्चा एकाच दिशेला जाते: फोम हलका पडला, पुढच्या वेळी जड मागवा. जड फोम येतो, खर्च वाढतो, वजन वाढतं आणि निकाल तसाच लागतो. कधी कधी आधीपेक्षा वाईट.

ही चूक मी स्वतः केली आहे. भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात आम्ही वाहनाच्या बॅटरीपेटीखाली बसणारं संरक्षक पॅनेल करत होतो. दोन्ही बाजूंना २ मिलिमीटरची ग्लास-व्हिनाइलएस्टरची (काचेचे धागे आणि त्यांना बांधणारं रेझिन) स्किन आणि मध्ये २५ मिलिमीटर जाडीचा ८०चा क्रॉसलिंक्ड पीव्हीसी फोम. (८० म्हणजे घनमीटरला ८० किलो. या धंद्यात फोम या आकड्यानेच ओळखला जातो.) तीन लॉट नापास झाले. चौथ्याला मी १३०चा फोम घातला, तर स्किन आणखी मोठ्या आवाजात आणि आणखी स्वच्छ सुटली. तेव्हापासून फुटलेलं सॅम्पल हातात घेऊन नीट बघितल्याशिवाय मी फोमचा नंबर बदलत नाही. पुढे लिहिलं आहे ते त्या बघण्याबद्दल.

फोम ऊर्जा खातो कुठे

फोमचा तुकडा प्रेसमध्ये हळूहळू दाबला की ग्राफचे तीन भाग दिसतात. सुरुवातीला ताण सरळ चढतो. मग पेशींच्या भिंती वाकायला आणि मोडायला लागतात, आणि ताण जवळपास आहे तिथेच राहून फोम दबत जातो. घाट चढून पठारावर यावं तसं. शेवटी सगळ्या पेशी मिटतात, भिंतीला भिंत लागते आणि ग्राफ कड्यासारखा उभा होतो. ऊर्जा जिरते ती पठारावर. चढावर जिरते ती नगण्य. आणि कड्यापर्यंत पोचलात तर उरलेला धक्का फोमच्या पलीकडे जातो, म्हणजे ज्याला वाचवायचं होतं त्याच्याच अंगावर.

पदार्थविज्ञानाचे अभ्यासक लोर्ना गिब्सन आणि मायकेल अ‍ॅशबी यांनी या वागण्याची जी सूत्रं मांडली, त्यांत फोमची घनता भागिले घन प्लास्टिकची घनता हा आकडा कळीचा आहे. पीव्हीसीची घनता साधारण १४०० धरली तर ८०च्या फोममध्ये प्लास्टिक जेमतेम ६ टक्के आहे, बाकी सगळी पोकळी. सूत्राप्रमाणे कडा ९२ टक्के दाबावर येतो, पण बळ त्याच्या बरंच आधी, ६० ते ७० टक्क्यांच्या आसपास चढायला लागतं. म्हणून मी हिशेबात ६५ टक्क्यांच्या पुढे जात नाही.

आता एक हिशेब पूर्ण करून दाखवतो, कारण बहुतेक भांडणं इथेच मिटतात. १ मेगापास्कल म्हणजे घनसेंटिमीटरला १ ज्यूल, हे एवढं लक्षात ठेवलं तर बाकी सोपं आहे. १० किलोचं वजन १ मीटरवरून सोडलं की ९८ ज्यूल. वजनाचं तोंड सपाट आणि ७५ मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे क्षेत्रफळ ४४ चौरस सेंटिमीटर. स्किन बळ थोडं पसरवते, पण तिचा वाटा तूर्त सोडून देऊ. पॅनेल खालून पूर्ण टेकलेलं आहे असं धरू.

८०च्या पीव्हीसी फोमची दाब-ताकद डेटाशीटमध्ये साधारण १.४ मेगापास्कल असते. म्हणजे पठारावर बळ ६.२ किलोन्यूटन, आणि ९८ ज्यूल जिरवायला फोम १६ मिलिमीटर दबायला हवा. २५ पैकी १६, म्हणजे ६३ टक्के. बसतं, पण अगदी काठावर. १३०चा फोम घ्या, ताकद ३ मेगापास्कल: बळ १३ किलोन्यूटनच्या वर आणि दबणं फक्त साडेसात मिलिमीटर. ज्यूल तेवढेच जिरले, पण खालच्या वस्तूला बसलेला दणका दुपटीहून जास्त. पडणाऱ्या वजनाच्या मंदनात सांगायचं तर ६३ जीच्या जागी १३५ जी (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाएवढं). आणि दोन तृतीयांश फोम न वापरता तसाच उरला.

उलट ६०चा फोम घ्या, ताकद ०.९. बळ ४ किलोन्यूटन, पण दबायला जवळजवळ २५ मिलिमीटर लागतात. २५च्या जाडीत तो नक्की तळाला लागणार. त्याचीच जाडी ५० केली की तो निम्मा दबतो आणि मंदन ४० जीवर येतं. वजनाचं काय? २५ मिलिमीटरच्या १३०चं चौरस मीटरला सव्वातीन किलो, ५० मिलिमीटरच्या ६०चं ३ किलो. जाड आणि हलका फोम वजनालाही कमी आणि दणकाही एक तृतीयांशाहून कमी. जागा असेल तर हा पर्याय आधी तपासा. आमच्या पॅनेलखाली तेवढी जागा होती आणि तीन लॉट वाया जाईपर्यंत कुणी टेप लावून बघितली नव्हती, मीसुद्धा नाही.

स्किनचं पोट बघा

हिशेब बसत असूनही पॅनेल नापास होत असेल तर फोम पठारावर पोचतच नाहीये. त्याआधीच दुसरं काहीतरी सुटतं आहे. ते काय, हे सुटलेल्या स्किनच्या आतल्या बाजूवर लिहिलेलं असतं.

आमच्याकडे लॅमिनेशनचे एक जुने कारागीर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. चौथ्या लॉटची स्किन टेबलावर पडली होती. मामांनी ती उलटी केली, अंगठा फिरवला, खिडकीकडे तिरकी धरली आणि म्हणाले, "साहेब, हे चिकटलंच नव्हतं. नुसतं बसलं होतं." मी वाकून बघितलं. पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत होता, त्यावर फोमच्या कापलेल्या पेशींचे बारीक गोल ठसे नक्षीसारखे उमटले होते, पण फोमचा एक कणही लागलेला नव्हता. ठसा होता, पकड नव्हती.

स्किन उलटी केल्यावर तीन प्रकार दिसतात. सगळीकडे फोमचा पातळ थर, मखमलीसारखा, चिकटून आलेला असेल तर बाँडिंग, म्हणजे स्किन आणि फोमची पकड, उत्तम आहे, फोम स्वतः फाटला आहे. दोष दुसरीकडे शोधा. चकचकीत आणि स्वच्छ असेल तर बाँडिंगच झालेलं नाही. आणि पांढरट, कोरडे ग्लासचे धागे उघडे दिसत असतील तर रेझिन कमी पडलं, म्हणजे फोमच्या उघड्या पेशींनी ते पिऊन टाकलं.

तिसरा प्रकार हँड ले-अपमध्ये, म्हणजे हाताने ग्लासचे थर घालून रेझिनने भिजवण्यात, फार दिसतो. फोमची शीट कापताना वरच्या पेशी अर्ध्या उघड्या पडतात. तिथे कोरडा ग्लास ठेवून वरून रोलर मारला की रेझिन आधी त्या खळग्यांत उतरतं आणि सांध्यावर उरतच नाही. उपाय जुना आणि खात्रीचा आहे: स्किनला वापरणार तेच रेझिन आधी फोमवर ओतायचं, स्क्वीजीने खरवडून घ्यायचं म्हणजे फक्त पेशी भरतील आणि वर थर साचणार नाही, आणि ते बोटाला चिकट लागायला लागलं की लगेच पुढचं काम. त्यावर थेट रोव्हिंग (जाड धाग्यांचं विणलेलं कापड) घालायचं नाही. आधी चौरस मीटरला ३०० ग्रॅमची मॅट (आखूड, सुट्या धाग्यांची चटई) नीट भिजवून घालायची. मॅटचे आडवेतिडवे धागे फोमच्या खळग्यांत बसतात, विणलेलं रोव्हिंग वरवर तरंगतं. बॅग लावून व्हॅक्यूम धरता येत असेल तर धरा. नसेल तर निदान वाळूच्या पिशव्यांनी सगळीकडे सारखा दाब द्या.

दुसऱ्या प्रकाराची कारणं शोधायला जास्त वेळ लागतो, कारण ती डोळ्यांना दिसत नाहीत. आमच्याकडे तीन एकत्र निघाली. फोमला सँडिंग केल्यावर धूळ झटकायला मुलं कॉम्प्रेसरची हवा मारत होती. त्या हवेबरोबर तेलाचा आणि पाण्याचा बारीक फवारा येतो, आणि धूळ उडण्याऐवजी पेशींत दाबून बसते. त्याऐवजी मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनर. दुसरं, पॅनेल साच्याला चिकटू नये म्हणून साच्याला वॅक्स लावणारा मुलगाच त्याच हातमोज्यांनी फोमचे तुकडे उचलून देत होता. एका स्किनच्या पोटावर चार बोटांचे चकचकीत डाग स्पष्ट दिसले तेव्हा हे सापडलं. तिसरं कारण पावसाळा. शीट सिमेंटच्या जमिनीवर टेकवून ठेवलेल्या होत्या. बंद पेशींचा फोम पाणी पीत नाही हे खरं, पण वरच्या कापलेल्या पेशींत ओल धरून बसते, आणि ओल्या पृष्ठभागावर व्हिनाइलएस्टर किंवा पॉलिएस्टर नीट पिकत नाही. आता शीट लाकडी फळ्यांवर राहतात आणि वापरण्याआधी रात्रभर ४०-५० अंशांच्या कोरड्या खोलीत असतात. पुसायला असेटोन वापरायचा मोह टाळा. ते पेशींत साचून राहतं आणि रेझिन बिघडवतं.

याची परीक्षा घ्यायला लॅबची वाट बघू नका. रीतसर चाचणी म्हणजे ५० मिलिमीटरचा चौकोन कापून दोन्ही स्किनना धातूचे ठोकळे चिकटवायचे आणि ओढून तोडायचं. ती एएसटीएम सी २९७ या मानकात दिलेली आहे, आणि ती करावीच. पण रोजच्या कामात प्रत्येक पॅनेलची कडेची पट्टी कापून टाकावीच लागते. ती पट्टी व्हाइसमध्ये धरा, स्किनखाली पातळ पटाशी सरकवा आणि उचका. फोम फाटून स्किनबरोबर आला तर पुढे जा. स्किन टक्कन स्वच्छ सुटली तर ते पॅनेल टेस्टला पाठवून पैसे घालवू नका. हे रोज केल्यावर आमचे बाँडिंगचे प्रश्न तिथल्या तिथे, त्याच शिफ्टमध्ये कळायला लागले.

चिरांमध्ये साचलेलं रेझिन

बाँडिंग चांगलं असूनही आकडे वर-खाली होत असतील, एका सॅम्पलला भरपूर आणि शेजारच्याला निम्मे, तर फोमच्या चिरा बघा. वळणदार साच्यात बसावा म्हणून फोम चौकोनी तुकड्यांत चिरलेला, मागे जाळी चिकटवलेला मिळतो. सपाट कामालाही तोच वापरला जातो, कारण स्टॉकमध्ये तोच असतो. इन्फ्युजन केलं, म्हणजे व्हॅक्यूमने रेझिन आत ओढलं, की या चिरा रेझिनने भरतात.

यानं किती फरक पडतो याचा अंदाज मला हिशेब करेपर्यंत नव्हता. चौकोन ३० मिलिमीटरचे आणि करवतीची चीर १ मिलिमीटरची धरा. दोन्ही दिशांच्या चिरा मिळून क्षेत्रफळाच्या साडेसहा टक्के होतात. रेझिनची घनता ११५० धरली तर भरलेल्या चिरांमुळे घनमीटरला ७५ किलोची भर पडते. तुम्ही ८०चा फोम विकत घेतला आणि पॅनेलमध्ये बसला तो १५५चा. वजनाचा प्रश्न आहेच, पण धक्क्याच्या दृष्टीने त्याहून वाईट गोष्ट ही की आता पॅनेलच्या पोटात ठिसूळ रेझिनच्या पातळ भिंती उभ्या आहेत. घाव भिंतीवर पडला तर बळ आधी एकदम वर जातं, मग भिंत काचेसारखी तडकते, तडा थेट स्किनपर्यंत जातो आणि तिथून सांध्याच्या बाजूने पसरतो. घाव चौकोनाच्या मधोमध पडला तर फोम शहाण्यासारखा चिरडतो. म्हणून शेजारशेजारच्या दोन सॅम्पलचे निकाल जुळत नाहीत.

खात्री करायची असेल तर ग्लासच्या स्किनमधून चिरांच्या रेषा पुसट दिसतात, त्यांवर मार्करने खुणा करा. तीन सॅम्पल चिरांच्या फुलीवर मारा, तीन चौकोनाच्या मध्यावर. दोन गट वेगळे पडले तर दोष सापडला. कार्बनच्या स्किनमधून काही दिसत नाही, तिथे ले-अपच्या आधीच साच्याच्या कडेला खुणा करून ठेवाव्या लागतात. उपाय म्हणजे सपाट कामाला न चिरलेली शीट. रेझिन वाहायला वाट हवी तर बारीक भोकं पाडलेली किंवा एकाच बाजूला उथळ खाचा असलेली शीट घ्या. वळणाला चिरलेला फोम लागणारच असेल तर चिरा मिटलेल्या राहतील अशा बाजूने तो बसवा.

खाली काय टेकलं आहे

एका लॅबमध्ये पास, दुसरीत नापास, सॅम्पल एकाच पॅनेलमधून कापलेली. हे आमच्याबरोबर झालं आणि आठवडाभर आम्ही एकमेकांच्या मशीनवर संशय घेत होतो. फरक फिक्श्चरचा, म्हणजे सॅम्पल ज्यावर बसवतात त्या बैठकीचा, होता. एकीकडे सॅम्पल जाड पोलादी प्लेटवर पूर्ण टेकलेलं, दुसरीकडे चौकटीवर, मध्ये पोकळी. प्लेटवर फोमला चिरडण्यावाचून इलाज नसतो. चौकटीवर पॅनेल वाकतं, आणि फोमवर दाबाबरोबर कातर ताण, म्हणजे कात्रीसारखा कापू पाहणारा ताण, येतो. वजनाच्या काठाभोवती फोम कापला जाऊ पाहतो, पंचाने चकती पडावी तसा.

वर घेतलेल्याच पॅनेलचा हिशेब करा. ७५ व्यासाच्या काठाभोवती २५ जाडीचा फोम, कातर-ताकद ८०ला साधारण १.१५ मेगापास्कल. कापायला लागणारं बळ ६.८ किलोन्यूटन, चिरडायला लागणारं ६.२. दोन्ही इतकी जवळ की एखादी चीर, एखादा हवेचा बुडबुडा कुठल्या बाजूला कौल जाईल ते ठरवतो. आता १३०चं बघा, कातर-ताकद २.२. कापायला १३ किलोन्यूटन, चिरडायला १३.३. म्हणजे चौकटीवर जड फोम चिरडण्याच्या आधीच कापला जाण्याची शक्यता. माझा चौथा लॉट का फसला याचं अर्धं उत्तर इथे आहे, आणि हा हिशेब कागदाच्या पाठीवर पाच मिनिटांत होतो. ५० जाडीच्या ६०ला मात्र कापायला ९ किलोन्यूटन लागतात आणि चिरडायला ४. तिथे फोम निमूट चिरडतो.

कापलं गेलेलं सॅम्पल ओळखायला ते मधोमध करवतीने उभं कापा. वजनाच्या काठापासून तिरपे, ४५ अंशांच्या आसपासचे तडे निघून खालच्या स्किनकडे गेलेले दिसले की कातर. ब्लेड बारीक दातांचं घ्या आणि हळू कापा, नाहीतर करवतीचेच तडे मोजत बसाल. प्रत्यक्ष वाहनात पॅनेल जसं बसणार आहे तसंच टेस्टमध्ये बसवा. सँडविच पॅनेलसाठी वेगळी पद्धत एएसटीएम डी ७७६६ मध्ये आहे. साध्या, बिनफोमच्या लॅमिनेटची पद्धत जशीच्या तशी लावून आलेले आकडे मी तरी धरत नाही.

मशीनचं खरं-खोटं

इथे फार वेळ घालवायची गरज नाही, पण तीन गोष्टी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. वजन १ मीटरवरून सुटल्यावर टेकताना वेग सेकंदाला ४.४३ मीटर हवा. मार्गदर्शक खांबांवर घर्षण असेल आणि वेग ४.२ भरत असेल तर ९८ ज्यूलचे ८८च उरले, आणि तुम्ही ९८ धरून बसलात. वजन उसळून दुसऱ्यांदा पडतं का बघा. पडत असेल तर त्याला झेलायची सोय करा, नाहीतर दुसऱ्या घावाचं नुकसान पहिल्याच्या खात्यावर चढतं. आणि शोषलेली ऊर्जा मोजताना बळ-विस्थापनाच्या ग्राफखालचं सगळं क्षेत्रफळ घेऊ नका. दबण्याच्या आणि परतीच्या रेषांमधलं क्षेत्रफळ तेवढंच शोषलेलं, बाकीचं पॅनेलने स्प्रिंगसारखं परत दिलेलं असतं. चौकटीवरच्या वाकणाऱ्या पॅनेलमध्ये हा परतीचा भाग बराच मोठा असतो.

एकदा मारलेलं सॅम्पल उलटं करून दुसऱ्या बाजूने मारायचं नाही, वरून कितीही चांगलं दिसत असलं तरी. दबलेला फोम थोडा परत फुगतो, स्किन तर जवळजवळ पूर्ण सरळ होते, आणि मध्ये पोकळी राहते. पेशींच्या भिंती मोडलेल्या असतात, त्या परत उभ्या राहत नाहीत. मोटारसायकलच्या हेल्मेटमधला थर्माकोल एका मोठ्या आपटीनंतर कामाचा राहत नाही, त्याचं कारण हेच. वापरात असलेल्या पॅनेलवर अशी लपलेली पोकळी शोधायला नाण्याने ठोकत जा. माठ घेताना वाजवून बघतो तसं. चांगल्या जागी टणक, नेमका आवाज येतो, सुटलेल्या जागी भद्द. ज्या कानाला ही सवय झाली तो माणूस अर्ध्या तासात अख्खं पॅनेल तपासतो.

वेग, ऊन आणि फोमची जात

डेटाशीटमधली दाब-ताकद फार हळू दाबून मोजलेली असते, मिनिटाला जाडीच्या १० टक्के. तुमचं वजन २५ मिलिमीटरच्या फोमवर सेकंदाला ४.४३ मीटरने येतं. दोन्हींच्या दरात सुमारे एक लाख पटींचा फरक आहे. बहुतेक प्लास्टिक फोम वेगाने दाबले की जास्त ताठ वागतात, त्यामुळे पठार डेटाशीटपेक्षा वर सापडलं तर घाबरू नका. पण ताठ होताना ते ठिसूळही होऊ शकतात, म्हणून अंतिम निवड संथ चाचणीवर करायची नाही.

उन्हाची गोष्ट उलटी. पीव्हीसी फोम तापला की मऊ पडतो, आणि ८० अंशांच्या जवळ गेला की त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. मे महिन्यात उघड्यावर उभ्या वाहनाचं गडद रंगाचं पॅनेल हात लावू देत नाही. लॅबमध्ये २३ अंशांवर पास झालेलं पॅनेल तिथे वेगळं वागणार, तेव्हा दोन सॅम्पल तापवूनही मारून बघा. जाड स्किन एका दमात घातली तर रेझिन पिकतानाच इतकं तापतं की सांध्याजवळचा फोम जन्मतःच भाजलेला निघतो. उभा काप घेतल्यावर तिथे पिवळट रेघ दिसते. तशी दिसली तर स्किन दोन टप्प्यांत घाला.

फोमची जात निवडताना: स्वस्त म्हणून थर्माकोल घेऊ नका, पॉलिएस्टर आणि व्हिनाइलएस्टरमधलं स्टायरीन तो विरघळवतं. इपॉक्सीबरोबर चालतो. पीयू (पॉलियुरेथेन) फोम ठिसूळ असतो आणि वाहनाच्या थरथरीने सांध्याजवळ त्याची भुकटी होत जाते, ती भुकटी वर्षभराने दिसते. एसएएन (स्टायरीन-ॲक्रिलोनायट्राइल) फोम जास्त लवचिक, तडा अडवणारा, आणि जिथे कातरीने फुटतंय तिथे तो मी आधी बघतो. पीईटी स्वस्त आणि उष्णता सोसणारा आहे, पण त्याच ताकदीसाठी जास्त घनतेचा घ्यावा लागतो. शिवाय तो एक्स्ट्रुड केलेला, म्हणजे तोंडातून दाबून बाहेर काढलेला, असल्याने उभ्या आणि आडव्या दिशेची ताकद वेगळी भरते. तुकडा कुठल्या दिशेने कापला ते शीटवर लिहून ठेवा.

आमचं पॅनेल शेवटी ५० मिलिमीटरच्या ६०च्या फोमवर पास झालं. न चिरलेली शीट, आधी खरवडून घेतलेलं रेझिन, मग मॅट, मग व्हॅक्यूम. पास झालेलं पहिलं सॅम्पल मामांनी उभं कापून घेतलं. वजनाच्या खाली फोमचा दाट, गडद पट्टा तयार झाला होता, त्याच्या खाली पेशी जशाच्या तशा, आणि दोन्हींमधली सीमा पट्टीने आखावी इतकी सरळ. मामांनी स्किनच्या कडेखाली पटाशी घातली आणि उचकून बघितलं. फोम फाटून वर आला.